उरलेला बोल्ट

दोरीने ओढत ओढत गाडी घड्याळजींच्या दारात आली, तेव्हा तिच्या चार दारांपैकी एकच उघडत होतं, आणि तेही एकदा उघडल्यावर बंद होत नव्हतं. छापखान्यामागच्या मोकळ्या जागेत ती सहा वर्षं उभी होती. टायर चपटे झाले होते, पुढच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता आणि पाय ठेवायच्या जागी हिरवंगार गवत उगवलं होतं. छापखानेवाल्याने ती जवळजवळ फुकटच दिली, वर गवत कापायला विळाही दिला.

"ही चालणार?" बायकोने विचारलं. तिला सगळी गल्ली सिस्टर म्हणायची, कारण गावाबाहेरच्या इस्पितळात ती ऑपरेशन थिएटरची नर्स होती.

"चालणार म्हणजे? पळणार!"

सिस्टरनी टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि नाकाला पदर लावला. "आधी हिचं पोट साफ करा."

गाडीची हौस दोघांनाही नव्हती. पण इस्पितळाकडे जाणारी एकुलती एक, सकाळची सहाची बस बंद झाली होती आणि इस्पितळाने सिस्टरना सांगून टाकलं होतं, की सोमवारपासून वेळेवर या, नाहीतर इथल्या क्वार्टरमध्येच राहायला या. म्हणजे आठवड्यातून एक दिवस घरी. सव्वीस वर्षांच्या संसारात घड्याळजी कधी एकटे जेवायला बसले नव्हते. पण असलं काही बायकोला सांगायची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते म्हणाले, "आपण गाडी घेऊ." त्यांना स्वतःला चालवता येत नव्हती. सिस्टरना येत होती, कारण एके काळी अडीअडचणीला त्या इस्पितळाची रुग्णवाहिकाही चालवत.

इतक्या जुन्या गाडीला रस्त्यावर आणायचं तर तपासणी केंद्राचा शिक्का हवा. तारीख मिळाली शनिवारची, सकाळी दहाची. ती चुकली तर पुढची दीड महिन्याने.

टायर आणि ब्रेक कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या उस्तादकडे सोपवले. "बाकीचं मी बघतो," घड्याळजी म्हणाले. उस्तादने त्यांच्या हातातल्या चिमट्याकडे बघितलं आणि तो टायर काढायला लागला.

घड्याळजींनी दुकानातलं लोखंडी स्टूल अंगणात आणलं, डोळ्याला भिंग लावलं आणि मनगटी घड्याळ उघडावं तसा कार्ब्युरेटर उघडला. मग दारं उघडली, डॅशबोर्ड उघडला, सीट सोडवली. प्रत्येक तुकडा स्टुलाखाली पसरलेल्या पांढऱ्या कापडावर ओळीने मांडला, म्हणजे लावताना उलट्या क्रमाने लावत जायचं. तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही स्क्रू उरला नव्हता. हरवला मात्र होता, तोही याच आठवड्यात. जाड भिंगाच्या चष्म्याचे एक गृहस्थ घड्याळ देऊन गेले होते, ते गाडीच्या कामाच्या मधेच उघडलं, आणि त्यातला तिळाएवढा एक स्क्रू कुठे उडाला ते काही केल्या कळत नव्हतं. ते गृहस्थ दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा घड्याळजींनी डॅशबोर्डखालून सांगितलं, "शनिवारनंतर नक्की!"

बुधवारी ते वायर आणायला बाजारात गेले. परत येऊन बघतात तर पांढरं कापड रिकामं, स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यातून वाफा, आणि ओट्यावर इस्पितळातल्यासारख्या स्टीलच्या ट्रेमध्ये सगळे नट, बोल्ट, पट्ट्या चकाचक होऊन, लहान-मोठे असे वेगळे लावलेले.

"अगं, हे काय केलंस?"

"उकळले. वीस मिनिटं. काय चिकटा होता हो त्यांना! रबराचं काही घातलं नाही, तेवढं कळतं मला."

"आणि माझी ओळ?"

"मोजलेत ना मी! एकशे चौसष्ट. थिएटरमध्ये आधी मोजायचं, नंतर मोजायचं. जुळलं की टाके घालायचे."

घड्याळजी स्टुलावर बसले आणि कपाळावर हात मारला. स्टूल डुगडुगलं. त्यांनी अंगणातल्या उंचसखल जमिनीला नावं ठेवली, एका पायाखाली पुठ्ठा सारला आणि आठवेल तसं लावायला सुरुवात केली.

गुरुवारी संध्याकाळी गाडी दोनदा खोकली, काळा धूर सोडला आणि चक्क सुरू झाली. चारी दारं उघडली आणि बंदही झाली. उस्तादने टाळ्या वाजवल्या. सिस्टरनी मात्र ट्रेमध्ये डोकावून बघितलं. तिथे करंगळीएवढा एक बोल्ट पडला होता.

"एकशे त्रेसष्टच लागले."

"उरणारच की!" उस्ताद म्हणाला. "जुन्या गाडीत दोन-चार उरतातच. तेवढीच गाडी हलकी."

नवरा-बायकोने त्याच्याकडे असं बघितलं, की तो आपला पाना उचलून निघून गेला.

"तुमच्याकडे मोजणीत एक कमी भरलं तर काय समजतात?" घड्याळजींनी विचारलं.

"पोटात राहिलं."

"आणि जास्त भरलं तर?"

सिस्टर विचारात पडल्या. "तसं अजून कधी झालं नाही. पण झालंच तर पेशंटचं काहीतरी बाहेर राहिलं म्हणायचं."

शुक्रवारचा अख्खा दिवस गाडी पुन्हा उघडण्यात गेला. पुन्हा सगळं लागलं, पुन्हा तोच बोल्ट उरला. आता तो त्यांच्याकडे बघून हसतोय असं घड्याळजींना वाटायला लागलं. शनिवारी सकाळी त्यांनी बोल्ट खिशात घातला, वाटेत बंद पडली तर बसून दुरुस्त करता यावी म्हणून स्टूल डिकीत टाकलं, आणि सिस्टरनी गाडी काढली.

तपासणी केंद्रातले साहेब पाठमोरे उभे होते. ते वळले. चष्म्याची भिंगं जाड होती.

"तुम्ही?" साहेब म्हणाले. "माझं घड्याळ कुठाय?"

"ते... आज शनिवार आहे ना? मी शनिवारनंतर म्हणालो होतो."

साहेबांनी तोंड वाकडं करून गाडी तपासली. ब्रेक लागले, दिवे लागले, हॉर्न तर इतका वाजला की शिपाई पळत आला. साहेबांनी शिक्का उचलला. आता दोन सेकंद गप्प राहायचं, एवढंच काम होतं. सिस्टरनी कोपराने ढोसलंसुद्धा. पण तीस वर्षांची सवय!

"साहेब, एक बोल्ट उरलाय."

सिस्टरनी डोळे मिटले. पण खोटं त्यांच्याही जिभेवर येईना. "खरं आहे. मीच मोजलेत."

साहेबांनी शिक्का खाली ठेवला. "आणि माझ्या घड्याळाचं काय?"

"त्यात एक स्क्रू कमी आहे."

"म्हणजे माझ्या घड्याळात एक कमी आणि तुमच्या गाडीत एक जास्त. फिट्टंफाट झाली म्हणता?" साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. "बारा वाजता कचेरी बंद. हा बोल्ट कुठला ते तोवर दाखवा, नाहीतर दीड महिन्याने भेटू."

बॉनेट उघडलं, दारं उघडली, सीट उचलली. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. घड्याळजींच्या डोळ्यांपुढे एकच ताट दिसायला लागलं. शेवटी साहेबांनाच राहवेना. "सरका, मी चाकांमागे बघतो. बसायला द्या काहीतरी."

घड्याळजींनी धावत जाऊन स्टूल आणलं. साहेब बसले, चाकाकडे वाकले, स्टुलाचा एक पाय आत दुमडला आणि साहेब आडवे झाले.

"गेला शिक्का," घड्याळजी पुटपुटले. सिस्टरनी धावत जाऊन साहेबांची नाडी धरली. "कुठे दुखतंय?"

"गप्प बसा जरा," साहेब पडल्या पडल्याच म्हणाले. चष्मा सारखा करून ते उलट्या पडलेल्या स्टुलाकडे टक लावून बघत होते. "इथे भोक आहे."

घड्याळजींनी खिशातला बोल्ट काढला. तीन फेऱ्यांत तो गच्च बसला.

"एकशे त्रेसष्ट," सिस्टर म्हणाल्या आणि तीन दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. साहेबांनी गुडघे झटकले, घड्याळजींकडे न बघता शिक्का मारला आणि शेऱ्याच्या ओळीत लिहिलं, 'गाडी ठीक. स्टूल आणू नये.'

गाडी घराकडे निघाली.

"शिक्का मिळाला नसता तर?" सिस्टरनी विचारलं.

"तर मी रोज संध्याकाळी चालत आलो असतो. तुझ्याबरोबर जेवायला."

सिस्टरचा गिअर चुकला. गाडीने एक आचका खाल्ला, पण बंद पडली नाही.

सोमवारी सहाच्या आधीच सिस्टर गाडी घेऊन गेल्या. अकरा वाजता साहेब दुकानात हजर झाले. "शनिवारनंतरचा सोमवार आहे. घड्याळ?" तेवढ्यात फोन वाजला.

"वेळेआधी पोचले हो," सिस्टर म्हणाल्या. "थिएटरमध्ये होते म्हणून आत्ता करतेय. आणि ऐका, उतरताना सीटखाली एक स्क्रू सापडला."

घड्याळजी ताडकन उठले. "गाडीला हात लावू नकोस! मी आलोच!"

"कशाने येणार? बस बंद आहे आणि गाडी माझ्याकडे."

घड्याळजींचा आवाज खाली आला. "केवढा आहे?"

"एवढासा. तिळाएवढा. ट्रेमध्ये ठेवलाय, उकळून."

घड्याळजी सावकाश स्टुलावर बसले. स्टूल अजिबात डुगडुगलं नाही.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं. "कुठाय माझं घड्याळ?"

"घड्याळ इथेच आहे, साहेब. त्याचा स्क्रू संध्याकाळी येतोय," घड्याळजी म्हणाले. "तुम्हीच पास केलेल्या गाडीने."