फाइल नसताना

साडेचार वाजले होते. सहाला प्रोग्रामरच्या मुलीचं शाळेत नाटक. तिला एकच वाक्य होतं, पण ते ती पहिल्या रांगेत बसलेल्या बाबांकडे बघून म्हणणार होती. मध्ये फक्त एक चाचणी आडवी आली होती.

चाचणी तशी पोरखेळ. काळ्या पडद्यावर चालणाऱ्या प्रोग्रामला सुरू होताना सेटिंगची एक फाइल लागते. ती नसेल तर त्याने कोसळू नये, तसं सभ्यपणे सांगावं आणि थांबावं. हे तपासायला फाइल नसावी, एवढीच अट. चाचणीला स्वतःचं वेगळं फोल्डर द्यायचं असतं, हे प्रोग्रामरला ठाऊक होतं. पण घाईत त्याने सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमधूनच फाइल उडवली. प्रोग्राम नव्याने तयार व्हायला दहा मिनिटं गेली. चाचणी नापास. कारण, फाइल सापडली!

त्याने पुन्हा उडवली. पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा सापडली. तिसऱ्यांदाही तेच. आता त्याचा स्वतःच्या हातांवरचाच विश्वास उडाला. चांगला चालणारा कोड त्याने उसवून परत शिवला आणि फाइल चौथ्यांदा उडवली. त्यात साडेपाच वाजले.

एवढ्यात शेजारच्या टेबलावरून ऑफिसातले सर्वांत जुने काका पुटपुटले, "गेली वाटतं परत!"

"काय गेलं, काका?"

"अरे, ती सेटिंगची फाइल. आज सारखी गायब होतेय. तीनदा जागेवर ठेवली. तू कामात होतास, म्हटलं कशाला त्रास द्या."

प्रोग्रामरने डोकं टेबलावर टेकलं. "काका, मीच काढतोय ती. नसल्यावर काय होतं ते बघायचंय."

"त्यात बघायचं काय? खोळंबा होतो! म्हणून तर ठेवतो ना मी."

चाचणी पास झाली तेव्हा सहा वाजून गेले होते. तो धापा टाकत शाळेत पोचला, तर खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती.

"चुकलं गं माझं," तो मुलीला म्हणाला. "मी नव्हतो, तर अडली नाहीस ना?"

"छे! तुझ्या खुर्चीत आजोबांना बसवलं."

"ऐन वेळी सुचलं?"

"नाही रे बाबा! तू नसलास तर काय करायचं, ते आधीच ठरलं होतं. काल घरी तुझ्याशिवाय दोनदा करूनही बघितलं. कुठ्ठे अडलं नाही!"

त्याने तिची पाठ थोपटली. चाचणी असावी तर अशी, यात वादच नव्हता. तरी कुणीतरी थोडंसं कोसळायला हवं होतं, असं त्याला फार वाटलं.