गोळे की अळ्या?

मॅग्नेशियम घातलेला लोखंडाचा रस लेडलच्या भांड्यात खदखदत होता आणि मालकांचं भाषण काही आटपत नव्हतं. वर्षभराची ऑर्डर देणाऱ्या कंपनीचे तपासनीस समोर उभे. अशी संधी मालक थोडीच सोडणार?

"साहेब, ओतू द्या," फोरमन तिसऱ्यांदा म्हणाला. "दहा मिनिटांच्या वर गेलं की मॅग्नेशियमचा जोर उतरतो."

"दोनच मिनिटं," म्हणत मालक कारखान्याच्या स्थापनेकडे वळले. साच्यात रस पडला तेव्हा सतरा मिनिटं झाली होती.

फोरमनची बायको तिथेच प्रयोगशाळा सांभाळायची. थंड झालेल्या लोखंडाचा तुकडा तिने आरशासारखा घासला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मॅग्नेशियमचा जोर टिकला असता तर ग्राफाइटचे काळे वाटोळे गोळे दिसले असते. दिसल्या नुसत्या लांबट अळ्या. असलं लोखंड ठोका बसताच तडकणार, आणि बोल मात्र नवऱ्याला लागणार! तिचं डोकंच फिरलं.

तेवढ्यात मालक आत डोकावले. "काय म्हणतंय, मॅडम?"

"गोळे झालेच नाहीत, सर."

"हळू बोला!" मालकांनी कपाटातून 'उत्तम' अशी चिठ्ठी लावलेला जुना तुकडा काढून काचेखाली सरकवला.

"सर, हे बरोबर नाही."

"तुम्ही फक्त गप्प बसा."

तपासनीस आले, वाकले आणि खूश झाले. "वा, काय गोळे आहेत! मी घड्याळ लावून बसलो होतो. फोरमन दहा मिनिटं म्हणत होता, तुम्ही मॅग्नेशियमनंतर सतरा मिनिटांनी ओतलंत. आता हीच पद्धत कायम. एक मिनिट कमी नाही, एक जास्त नाही. वर्षभर आमचा माणूस इथे घड्याळ घेऊन उभा राहील."

वर्षभर अळ्याच! मालक घाईघाईने तिच्याकडे वळले. "मॅडम, सांगा ना काहीतरी!"

"तुम्हीच गप्प बसायला सांगितलंत, सर."

शेवटी मालकांनी चाचरत सगळं कबूल केलं. तपासनिसांचा पारा चढला. पण फोरमनने तीनदा बजावलेलं त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. "उद्या एकदाच बघीन," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फोरमनने कुणाकडे न बघता सहाव्या मिनिटाला रस ओतला. काचेखाली गोळेच गोळे! तपासनिसांनी ऑर्डरवर सही केली आणि ते गाडीत बसले.

मालकांना एवढा आनंद झाला की, जन्मात पहिल्यांदाच त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बघता बघता चेहरा उतरला. त्यांनी हळूच दार लोटलं.

"मॅडम, हे तर सगळं काळ्या डागांनी भरलंय!" ते कुजबुजले. "त्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. कुणाला बोलू नका."

"नाही बोलणार, सर," ती म्हणाली.