झाड क्रमांक सतरा

भाटकर सर मला नावाने हाक मारत नाहीत. भर बाजारात विचारतात, "काय सतरा, आज ऑफिस नाही?" माझ्या दारातल्या हापूसवर त्यांनी पांढऱ्या रंगाने सतरा आकडा घातला, त्या दिवसापासून झाडाचा मालकही सतरा झाला. सोळा लांज्याचे, अठरा गणपतीपुळ्याचे. आमची एकमेकांशी ओळख नाही, पण सर खुशाली कळवतात. "अठराला काल जरा कणकण होती."

सर आमचे शेजारी. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतात आणि गेली अकरा वर्षं पीएच.डी. करतात. हापूसच्या कोवळ्या कैऱ्या गळतात, त्या कुठल्या दिवशी किती गळतील हे गणिताने आधी सांगता येईल का, हा त्यांचा विषय. गाईडबाई मध्येच निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आले ते सरांचेच जुने विद्यार्थी. दोघंही एकमेकांसाठी उठून उभे राहतात, त्यामुळे चर्चा सुरू व्हायला वेळ लागतो.

कुणी काहीही सांगितलं की सरांचा प्रश्न ठरलेला. "किती वेळा मोजलंत?"

कोळीण म्हणाली, "सर, आज बांगडे मोठे आलेत."

"कालच्यापेक्षा? किती मोजलेत?"

"मोजायला ते काय माझे जावई हायत? घ्या, नायतर सरका. मागं गिऱ्हाईक उभं हाय."

तरुणपणी एक स्थळ आलं होतं. मध्यस्थ म्हणाले, मुलगी स्वभावाने शांत आहे. सरांनी विचारलं, "किती दिवस पाहिलंत?" स्थळ आलं तसं गेलं. सर एकटेच राहिले.

माझ्याकडे काम साधं होतं. फळं धरल्यापासून रोज सकाळी झाडाखाली पडलेल्या कैऱ्या मोजायच्या, वहीत लिहायच्या, शनिवारी संध्याकाळी वही सरांना दाखवायची. ते वही तपासत, चहा करत आणि दोन तास फळगळीवर बोलत.

आता कबूल करतो. पहिले दहा दिवस मी मोजल्या. मग अंथरुणातूनच लिहू लागलो. सहा, नऊ, सात, आठ. असे तीन हंगाम. बायको म्हणायची, "अहो, त्या माणसाची अकरा वर्षं आहेत त्यात. वायच अंगणात जाऊन बघायला काय होतं?" काहीच होत नव्हतं. तरी मी जात नव्हतो.

यंदा मे अखेरीला सर म्हणाले, सोमवारी प्रबंध सादर करतोय. माझी झोप उडाली. माझ्या खोट्या आकड्यांनी या माणसाची पदवी गेली तर? रविवारी सकाळी त्यांच्याकडे गेलो आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

सरांनी चष्मा पुसला. "मला पहिल्याच हंगामात कळलं होतं. त्या वर्षीच्या वादळात माझी कौलं उडाली. आळीभर कैऱ्यांचा सडा. आणि तुमच्या झाडाच्या आठ."

मी मान खाली घातली.

"शिवाय शून्य एकदाही नाही. खरं झाड पाच-पाच दिवस एकही टाकत नाही. मनाने लिहिणारा शून्याला घाबरतो. त्याला वाटतं, काम केलं नाही असं दिसेल. सतरा मी तेव्हाच वगळला. प्रबंधाला धोका नाही."

"मग पुढे दोन वर्षं वही कशाला तपासत होतात?"

सरांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. "वही मागितली नसती, तर तुम्ही आला असतात?"



सोमवारी प्रबंध विद्यापीठात गेला. जून लागला, झाडावर एक फळ उरलं नाही. तरी मी रोज सकाळी छत्री घेऊन झाडाखाली जाऊ लागलो. शनिवारी वही नेली. सात दिवस, सात शून्यं. सरांनी एकेका शून्यावर पेन्सिल टेकवत पान तपासलं.

"किती वेळा मोजलंत?"

"रोज दोनदा."

"बसा, सतरा," ते म्हणाले आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.