दिवाणाएवढा पंख

माझी बायको सुमन मंगळवारी सकाळी गेली. चौदाव्या दिवशी तिचे भाऊ वासुदेवराव अकोल्याहून एसटीने अमरावतीला आले आणि माझ्या बैठकीत विमान बांधायला बसले.

विमान म्हटलेलं त्यांना चालत नाही. "इमान नाही होय ते, जवाई. ट्राइक हाये." ट्राइक म्हणजे वर कापडाचा तिकोनी पंख, त्याखाली एका बोल्टला लटकलेली तीन चाकांची गाडी आणि मागे फिरणारा पंखा. खऱ्या ट्राइकमध्ये माणूस बसतो. आमची दिवाणाएवढी. तिच्यात बाहुला बसणार आणि वासुदेवराव जमिनीवरून ती रिमोटने उडवणार. याचे सुटे भाग तयार मिळतात, असं मी एकदा म्हणालो. पाहुण्यांसाठी बाहेरून पुरणपोळ्या आणू या असं म्हटल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

वासुदेवरावांनी जन्मभर आयटीआयमध्ये फिटरचा वर्ग घेतला. निवृत्तीनंतर वर्ग सुटला, शिकवणं सुटलं नाही. आता त्यांच्या वाट्याला मी एकटाच विद्यार्थी आहे, कॉलेजचा निवृत्त ग्रंथपाल, ज्याने आयुष्यात बल्बसुद्धा बदललेला नाही.

"माह्या घरी जागा नाही," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "तुमचं घर त रिकामंच पडून राह्यलं." सांत्वनाची ही पद्धत मी कोणत्याही पुस्तकात वाचली नव्हती.

तेव्हापासून दर रविवारी सव्वानऊला दाराची कडी वाजते. पिशवीत कानस, पक्कड, अॅल्युमिनियमच्या नळ्या आणि सोनाराचा काटा. "वजन दुश्मन हाये, जवाई," हा त्यांचा मंत्र. वजन कमी व्हावं म्हणून ते दिसेल त्या वस्तूला भोकं पाडतात. माझ्या पट्टीच्या कडेला सात भोकं आहेत. ओढलेली रेघ अधूनमधून दरीत कोसळते. एकदा त्यांनी माझ्या पोह्यांची बशीच काट्यावर ठेवली.

"एकशे चाळीस. मागच्या रविवारी एकशे साठ होते. कावून इतके कमी खाता जी?"

"वजन दुश्मन आहे ना?" मी म्हणालो.

"ट्राइकचं, बाप्पा!" असं म्हणत त्यांनी स्वतःच्या बशीतले पोहे माझ्या बशीत ओतले आणि पुन्हा मोजले.

माझ्या शब्दकोशाचे चारही खंड आता चिकटवलेल्या फळ्या दाबून धरण्याचं काम करतात. चाळीस वर्षांत त्यांचा इतका उपयोग कुणी केला नव्हता. 

ट्राइक वळवायची असते ती दांड्याने, आणि दांड्याचं सगळं उलटं. डावीकडे जायचं तर दांडा उजवीकडे लोटायचा. हे मला समजावण्यात त्यांनी दोन रविवार घालवले. खरं तर मला ते आधीच कळलं होतं, कारण बोलतानाही ते तसेच वळतात. "चहा नको" म्हणजे दोन कप. "तुमचं वाचन खोळंबून राह्यलं, जातो मी" म्हणजे जेवायला काय आहे?

मग पंखाचं कापड आलं. सुमनचं शिलाई मशीन कोपऱ्यात खोळ घालून ठेवलं होतं. वासुदेवरावांनी विचारलं नाही, खोळ काढून घडी केली.

"जंगून जाईल. बसा."

"मी?"

"मंग कोन? मले पाय नाही हालवता येत, गुडघा दुखते."

याच गुडघ्याने ते स्टँडपासून माझ्या घरापर्यंत चालत येतात. मी बसलो. मशीन चालू झालं आणि त्या आवाजासाठी मला थोडा वेळ थांबावं लागलं. वासुदेवराव खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. थोड्या वेळाने तिकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "वाकडी गेली शिवण. उसवा."

तीनदा शिवलं, तीनदा उसवलं. कधी शिवण वाकडी, कधी कापड उलटं, तर एकदा खुद्द गुरुजींचंच माप चुकलं. बत्तीस नळ्या कापल्या, त्यातल्या एकोणीस आखूड. ज्यांच्या हाताखालून फिटर तयार झाले त्यांना नळी मोजता येऊ नये, याची मी मनातल्या मनात पुष्कळ टिंगल केली. दीड वर्ष गेलं. शेवटी एकदाचा पंख पास झाला.

त्याच्या पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्यांच्या बायकोचा, वहिनींचा फोन आला, त्यांना ताप आहे. त्यांचा काटा माझ्याकडे राहिला होता. तो देण्याच्या निमित्ताने मी मूर्तिजापूरमार्गे अकोला गाठलं.

ते झोपले होते. वहिनी म्हणाल्या, "तवर काटा मांगच्या खोलीत ठेवून द्या."

मागची खोली माझ्या बैठकीच्या दुप्पट होती. भिंतीला तोरण लावल्यासारखी हत्यारं ओळीने टांगलेली. आणि छताला एक ट्राइक. पंख लाल, चाकांवर वाळलेली काळी माती.

"हे कधीचं?"

"ते व्हय? झाले सात वर्सं. दीड महिन्यात केलं. मळ्यातल्या भेगाइत चाकं फसत, म्हून माह्याकून खळं सारवून घेतलं अन् तिथून उडवलं." मग पंखाला हात लावून त्या म्हणाल्या, "हा सुमनताईनं शिवला. राखीले आल्ती तवा. तुमी बाहीर पुस्तक वाचून राह्यले होते."

मी शिवण पाहिली. एका रेषेत होती.

वासुदेवराव जागे झाले तेव्हा मी खुर्चीवर बसलेला होतो. "कावून आले जी? माही तब्येत पाहाले? जा, बस चुकन."

दांडा कोणत्या बाजूला लोटलाय ते मी पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत बसलो. मागच्या खोलीविषयी बोललो नाही.

पुढच्या शनिवारी मी कात्री घेऊन पास झालेल्या पंखाची वीतभर शिवण उसवली. रविवारी सव्वानऊला कडी वाजली. वासुदेवरावांनी पंखावरून बोट फिरवलं. बोट तिथे थांबलं. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी कापलेला दोरा पाहिला, मग मला.

"उसवली वाटते, जवाई."

"माझीच शिवण कच्ची."

"मंग आखीन तीन-चार रविवार जातीन."

"जातील."

"चहा नको मले," ते म्हणाले. मी दोन कप पाणी जास्त ठेवलं.

ट्राइक अजून झालेली नाही. मशीन बैठकीत आहे. त्याच्यावर मी आता खोळ घालत नाही.