नवप्रभात सोसायटीत परिवर्तनाची पहाट

दिंडोशीच्या नवप्रभात सहकारी गृहनिर्माण संस्थेने यंदाच्या गणेशोत्सवात ‘परिवर्तनाची पहाट : सन १८१८ ते १८४०’ हा जिवंत देखावा सादर करण्याचा ठराव एकमताने मंजूर केला. एकमत झालं, कारण सभेला नऊच माणसं होती आणि बटाटेवडे येऊन पोचले होते. सभांना नेहमी येणारे दहावे सभासद गुणाजी परब त्या संध्याकाळी बायकोला, म्हणजे जयाला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले होते. सोसायटीच्या सभेला जो गैरहजर, त्याच्याच गळ्यात घोंगडं पडतं, हे वीस वर्षं तिथे राहिलेल्या माणसाला ठाऊक असायला हवं होतं.

देखाव्यात पेशवाई बुडणार होती, कंपनी सरकार येणार होतं, छापखाना खडखडणार होता, सतीची चाल बंद होणार होती आणि शेवटी एक मुलगी पाटी घेऊन शाळेत जाणार होती. भूमिकांचं वाटप झालं तेव्हा आठ सुधारक निघाले आणि एक छापखानेवाला. नऊच्या नऊ जण काळाच्या पुढे. मग चेअरमन मधुकर सबनीसांना रास्त शंका आली की, अडवायला कोणीच नसेल तर सुधारणा करायची कोणाविरुद्ध?

रात्री सेक्रेटरी विनिताचा फोन आला. “काका, अभिनंदन! तुम्हाला मेन रोल दिलाय. कर्मठ शास्त्रीबुवा!”

“अगो, पण मीच कशाला?”

“तुमचा आवाज भारी आहे ना! आणि तुम्ही नव्हता.”

“शोभतलो तुमका,” जया आतून म्हणाली. “घरात करताच तो, आता पागोटा घालून करा.”

गुणाजी नाही म्हणाले नाहीत, कारण त्यांचं काम कमिटीकडे अडकलं होतं. मढची जानकी कोळीण वीस वर्षं त्यांच्या अकराव्या मजल्यावर मासळी घेऊन येत होती. नव्या कमिटीने ‘विक्रेत्यांनी जिना वापरावा’ असं ठरवलं. लिफ्टमधून कपाटं जात, गाद्या जात, सबनीसांचा लॅब्रॅडोर दिवसातून चारदा जाई. जानकीचे गुडघे मात्र आषाढातच बोलायला लागले होते. “भाऊ, गनपती होईपर्यंत बघते,” ती म्हणाली होती. “नाय तर मी येनार नाय. वरची बारा घरं सुटली तर सुटली. काय करनार?” बारा घरं म्हणजे तिचा निम्मा धंदा. आणि मालवणी माणसाच्या ताटातली सुरमई हा काही थट्टेचा विषय नव्हे. म्हणून जानकीला लिफ्ट वापरू द्यावी, असा रीतसर अर्ज गुणाजींनी दिला होता. अर्ज विचाराधीन होता.

तालमी सुरू झाल्या तेव्हा नवीच अडचण उभी राहिली. सुधारकांची भाषणं प्रत्येकाने पानंच्या पानं लिहून आणली, पण शास्त्रीबुवांचे संवाद कोणी लिहीना. “असले विचार आम्हाला सुचतच नाहीत हो,” खजिनदार विपुल म्हणाला, आणि ते खरंच वाटावं असा त्याचा चेहरा होता.

गुणाजी आपल्या अर्जाची चौकशी करायला सोसायटीच्या ऑफिसात गेले. विनिताने इतिवृत्ताची वही पुढे सरकवली. अर्जावर तीन सभांत चर्चा झाली होती आणि ती शब्दशः नोंदवली होती. गुणाजींनी वाचली. पुन्हा वाचली. मग खिशातून कागद काढला आणि भराभर उतरवून घेतली. लिफ्टच्या जागी ‘शाळा’ आणि मासेवालीच्या जागी ‘मुलगी’ घातलं. बाकी काना-मात्राही बदलावा लागला नाही.

त्यांना मनापासून वाटलं, स्वतःचेच शब्द माइकवरून कानावर पडले की या लोकांना लाज वाटेल, आणि लाजेपोटी का होईना, लिफ्ट मिळेल. माणूस भाबडा होता.

देखावा झकास झाला. पागोटं सावरत गुणाजी गरजले, “माझी व्यक्तिशः हरकत नाही! पण आज एकीला येऊ दिलं, तर उद्या सगळ्या येतील!”

मांडवातून ‘शेम शेम’ झालं.

“त्यांची स्वतःचीच तशी इच्छा नाही! वर्षानुवर्षं जे चाललंय त्यात त्या सुखी आहेत!” हे वाक्य दुसऱ्या सभेतलं, विपुलचं होतं. विपुल उपरणं उडवत पुढे आला आणि ओरडला, “धिक्कार असो!”

“या गोष्टी हळूहळू व्हाव्यात. समाजाची अजून तयारी नाही!” हे साक्षात चेअरमनांचं. सबनीसांनी बोटाने गुणाजींना मांडवाबाहेरची दिशा दाखवली आणि मुलीच्या हातात पाटी दिली. बायका डोळे पुसत होत्या. एकालाही काही आठवलं नाही.

वॉर्डाच्या देखावा स्पर्धेत पहिला नंबर आला. परीक्षकांनी खास शेरा मारला : ‘शास्त्रीबुवांची भाषा अस्सल. त्या काळातली जुनी कागदपत्रं अभ्यासल्याचं जाणवतं.’

विसर्जनानंतरच्या सभेत गुणाजींना राहवलं नाही. संतापाने त्यांचा आवाज चिरकला. “ही कागदपत्रं एकोणिसाव्या शतकातली नाहीत! आपल्या वहीतली आहेत, गेल्या तीन महिन्यांची!”

विनिताने वही उघडून खात्री केली.

“म्हणजे,” सबनीस सावकाश म्हणाले, “हे विचार आपल्या संस्थेत आहेत? वाईट आहे. पण परब, जाहीरपणे ते मांडताना आम्ही फक्त तुम्हालाच पाहिलं. आम्ही तर विरोध केला. व्हिडिओ आहे.”

ठराव एकमताने झाला : लिफ्टला विरोध श्री. परब यांचा असून कमिटी सुधारणावादी आहे, त्यानुसार जुन्या नोंदी दुरुस्त कराव्यात. गुणाजी आधी लालबुंद झाले. मग खुर्चीत बसल्या बसल्या त्यांना असं हसू फुटलं की विपुलने पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी जानकी टोपली उतरवून उभी होती. व्हिडिओ मढपर्यंत पोचला होता, आणि पाठोपाठ ठरावाची बातमीही.

“काय रं भाऊ! तूच नको म्हनत व्हतास?”

“तसं नाही गं बाय, ते नाटक होतं.”

“मग आता नको कोन म्हनतंय?”

“कोणीच नाही.”

“मग मी जाव लिफ्टनं?”

“तेच कळत नाही,” गुणाजी खरं ते बोलले.

अखेर सुधारणावादी कमिटीने सगळ्या सभासदांचं मत लेखी मागवलं. छप्पन घरांपैकी पंचावन्न घरांनी लिहून दिलं, ‘माझी हरकत नाही, परंतु इतर सभासदांच्या भावनांचा विचार व्हावा.’ पंचावन्न घरांना इतरांच्या भावनांची इतकी काळजी आहे म्हटल्यावर विषय स्थगित ठेवण्यावाचून इलाज उरला नाही. गुणाजींनी नुसतं ‘हरकत नाही’ लिहिलं होतं. वाक्य अपूर्ण असल्याचा शेरा मारून त्यांचा कागद परत आला.

जानकी आता फाटकापाशीच बसते. बारापैकी पाच घरांची माणसं खाली उतरतात, मासे घेतात आणि पिशवी सांभाळत लिफ्टने वर जातात. मासळी लिफ्टने वर जाते, वासासकट जाते. फक्त जानकी जात नाही. उरलेली सात घरं तिला सुटली.

वाचकहो, नवप्रभातवाल्यांना तुम्ही मनसोक्त हसलात, बरं वाटलं. आता जरा उठा आणि आपल्याच इमारतीच्या लिफ्टशेजारी लावलेली सूचना वाचून या. ती ज्या सभेत मंजूर झाली त्या सभेला तुम्ही गैरहजर होता, हे आम्हाला मान्य आहे. तुमची व्यक्तिशः हरकतही नव्हतीच.