विसाजी तरसाचा परग्रहपट

एका जंगलात, मुलांनो, विसाजी नावाचा तरस सिनेमे काढत असे. त्याचे सिनेमे पाहून प्रेक्षक रडत. ते दुःखाचे नसत, तरी रडत. शेवटी सिंहमहाराजांनी त्याला बोलावून बजावलं, "विसाजी, आता एखादा तरी धड काढ. नाहीतर जंगल सोड."

विसाजी हादरला. त्याने विनोदी सिनेमा काढायचं ठरवलं. परग्रहावरचे लोक जंगलावर चाल करून येतात आणि त्यांची फजिती होते, अशी त्याची गोष्ट होती. परग्रहवासी म्हणून रानमांजरं घ्यायची, अंगाला शेवाळ फासायचं, की झालं.

शूटिंगच्या सकाळी रानमांजरं आलीच नाहीत. शेवाळाने खाज सुटते म्हणे. विसाजी कपाळाला पंजा लावून बसला.

इतक्यात माळावर एक भलीमोठी थाळी उतरली. तिच्यातून हिरवेगार, तीन-तीन डोळ्यांचे जीव बाहेर पडले. सगळ्यांत पुढे त्यांचा सेनापती होता.

"शरण या!" तो गरजला.

"कट!" विसाजी त्याच्यावर खेकसला. "एक तर उशिरा येता! आणि हे काय बोलणं? शेजारणीकडे विरजण मागताय का?"

सेनापती गोंधळला. त्याने कितीतरी ग्रह जिंकले होते. तिथले लोक किंचाळले होते, पळाले होते. पण त्याच्या बोलण्यात खोट कुणी काढली नव्हती.

"मग कसं म्हणू?"

"पोटातून म्हणा. आणि तो मधला डोळा जरा बारीक करा."

सेनापतीने केला. विसाजी खूश झाला. मागचा एक सैनिक मात्र धुसफुसला.

"सगळी वाक्यं यांनाच का?" असं म्हणत त्याने रागारागाने हातातली नळी झाडली. समोरचा सागवान वाफ होऊन उडून गेला.

विसाजीला दरदरून घाम फुटला. हे नट नव्हेत! बोंब मारत पळावं, महाराजांना सावध करावं, असं त्याला वाटलं. पण पळालो, तर पुढची नळी आपल्यावरच. शिवाय शॉट झकास आला होता.

"घेतलंस का?" त्याने कॅमेऱ्यावरच्या वानराला हळूच विचारलं.

"घेतलं."

"मग थांबू नकोस." विसाजी सेनापतीकडे गेला. "साहेब, जंगल जिंकण्याचा प्रसंग शेवटी आहे. आत्ताच जिंकलंत, तर पुढे लोकांनी बघायचं काय?"

सेनापतीला हे पटलं. जिंकणं लांबणीवर पडलं. सैनिक संवादांवरून भांडू लागले. सेनापती तळ्यात वाकून आपली कोणती बाजू जास्त देखणी, ते तपासू लागला. पुढे तर तोच म्हणाला, "आधी सिनेमा लागू दे. लोक ओळखायला लागले, की जिंकायला सोपं."

सिनेमा लागला. सारं जंगल पोट धरधरून हसलं. सेनापती पहिल्या रांगेत ताठ बसून होता.

खेळ संपल्यावर जंगलातले नामांकित समीक्षक बगळेसाहेब एका पायावर उभे राहिले. डोळे मिटून म्हणाले, "मौज आली. फक्त परग्रहवासी पटले नाहीत. खरे परग्रहवासी असे नसतात."

सेनापतीचे तिन्ही डोळे भरून आले. "मी खरा आहे हो!"

"प्रत्येक नटाला तसंच वाटतं," बगळेसाहेब म्हणाले.

सेनापती उठला. तडक थाळीत जाऊन बसला. मागोमाग सैनिक गेले. बघता बघता थाळी आभाळात दिसेनाशी झाली.

विसाजी धावत महाराजांकडे गेला. "महाराज, ते खरेच होते! आपण सगळे थोडक्यात वाचलो!"

महाराज हसता हसता गवतावर लोळले. डोळे पुसत म्हणाले, "वा! पुढच्या सिनेमात हेच घे."

तात्पर्य : शत्रू चाल करून आला, तर शस्त्र उपसू नये. त्याला भूमिका द्यावी आणि समीक्षकाला बोलवावं. मात्र आपण जंगल वाचवलं, हे कुणाला फुकट सांगू नये. तिकीट लावून सांगावं.