शेडला रोज पाणी

लेकीने रविवारी सकाळी चहा पिताना जाहीर केलं, की मागच्या अंगणातल्या शेडचा प्रश्न आपण शांतपणे, शास्त्रशुद्ध पद्धतीने आणि गल्लीत कुणाला कळू न देता सोडवणार आहोत. यातलं पुढे काहीच घडलं नाही. पण तिचा आवाज इतका ठाम होता, की आईने कप खाली ठेवून मान डोलावली.

शेड बाबांची. लेक जन्मायच्या आधी त्यांनी ती स्वतःच्या हातांनी उभी केली, वर सिमेंटचे करडे, नागमोडी पत्रे घातले आणि नोकरीतून, पाहुण्यांतून, भाजीच्या पिशवीतून जेवढा वेळ सुटेल तेवढा तिथे घालवला. हिवाळ्यात ते गेले. तेव्हापासून शेडला कुलूप होतं. आई अधूनमधून एवढंच म्हणायची, "मला एकदा तिथे जाऊन बसायचंय. त्यांच्या खुर्चीत." लेक म्हणायची, "जाऊ या." आणि दोघी जायच्या नाहीत.

शेवटी आईने धीर करून कुलूप काढलं, आणि नेमकी तेव्हाच लेकीची नजर वर गेली. फांदी पडून पत्र्याचा एक कोपरा फुटला होता. तुकडे आत जमिनीवर पडले होते, एक तर खुर्चीच्या पायाशीच. लेकीने आईला दंडाला धरून मागे ओढलं आणि दार लावून टाकलं.

लेक ग्रंथपाल. संकट आलं की माणसं देवाकडे धावतात, ही पुस्तकांच्या कपाटाकडे धावते. त्यामुळे त्या रविवारपर्यंत ॲस्बेस्टॉस या विषयावर तिची एवढी तयारी झाली होती, की परीक्षा असती तर पहिली आली असती.

"जुन्या सिमेंटच्या पत्र्यात असू शकतं. नुसतं बघून कळत नाही," तिने आईला सांगितलं. "पत्रा शाबूत असला तर बिचारा पडून असतो. फुटला, घासला, कापला, की त्यातले तंतू हवेत उडतात. डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. श्वासातून आत जातात आणि कित्येक वर्षांनी डोकं वर काढतात. म्हणून आत जायचं नाही, तुकड्यांना हात लावायचा नाही, झाडू तर मुळीच मारायचा नाही. तपासणीवाल्यांना फोन केलाय. ते येऊन नमुना नेतील."

"मग मी बसायचं कधी?"

"ते सांगतील तेव्हा."

"तोवर नुसतं बघत राहायचं?"

"हो. धूळ उडता कामा नये, एवढंच. ते लोकसुद्धा नमुना घेताना आधी पाणी फवारतात. ओलं असलं की उडत नाही."

आईने यातलं शेवटचं वाक्य तेवढं घेतलं आणि बाकीचं सारं कानामागे टाकलं. जन्मभर तिने बाग सांभाळली होती. ज्या दुखण्यावर पाणी हा उपाय, ते दुखणं तिच्या हातातलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून लेक ग्रंथालयात गेली, की आई गुलाबांना पाणी घालायची, मग लिंबाला, आणि मग नळी वर करून शेडला. चांगलं धो धो. पत्र्यावरचं शेवाळ तरारून आलं.

कुंपणापलीकडच्या काकूंनी दोन-तीन दिवस हे बघितलं आणि मग त्यांना राहवेना.

"वहिनी, काय करताय?"

"शेडला पाणी घालतेय."

"शेडला?"

"रोज घालावं लागतं. सुकली तर धोका."

काकूंनी कुंपणावरून मान पुढे काढली. "आणि घातल्यावर काय होईल?"

"काही दिवसांनी मला आत जाऊन ह्यांच्या खुर्चीत बसता येईल," आई म्हणाली आणि प्रसन्न हसली.

त्या हसण्याने सगळा घोटाळा केला. काकूंनी घरात जाऊन मामाला फोन लावला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. कुठलीही गोष्ट त्याच्या कानावर पडली, की ती तिथून दुप्पट होऊन बाहेर पडते. काकू म्हणाल्या होत्या, की वहिनी शेडला पाणी घालतात. मामाने आपल्या डॉक्टर मित्राला सांगितलं, की ताई शेडला पाणी घालते, ती वाढावी म्हणून, आणि वाढली की भावोजी परत येणार आहेत.

शनिवारी दोघे हजर झाले. डॉक्टर आयुष्यभर बालरोगतज्ज्ञ होते, त्यामुळे ते आईसमोर उकिडवे बसले.

"काय म्हणतेय तब्येत? आज वार कोणता, सांगाल?"

"शनिवार. का? तुमच्या घरी कॅलेंडर नाही?"

"आहे, आहे. आणि हे पाणी घालायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"लेकीने."

डॉक्टरांनी मामाकडे बघितलं. मामाने डोळे मिटले. त्याच क्षणी घराच्या कोपऱ्यावरून लेक आली.

तिचं असं झालं होतं: तपासणीवाले आज येणार होते आणि त्यांनी फोनवर बजावलं होतं, की तुम्ही फक्त लांब उभ्या राहा, काही करू नका. पण पुस्तकात पोशाखाचं चित्र होतं. पुस्तकात चित्र असताना लांबसुद्धा साध्या कपड्यांत उभं राहणं तिच्या तत्त्वात बसेना. तिने डोक्यावरून टोपी येणारा पांढरा अंगरखा आणला, मास्क आणला, गॉगल आणला, आणि सगळं एकदा घालून बघितलं. घातलं ते बरोबर बसलं. पण चेन हनुवटीखाली अडकली. गॉगलवर वाफ धरली. मदतीला आईला शोधत, हात पुढे करून, भिंत चाचपडत ती अंगणात आली, ती चंद्रावरून उतरल्यासारखी.

"हं हं हंहं हं," ती मास्कमधून म्हणाली. म्हणजे, आई, चेन काढ.

डॉक्टर हळूच उठले आणि आईला सोडून तिच्याकडे वळले. "बाळ," ते म्हणाले, "घाबरू नकोस. असं कधीपासून वाटतंय?"

कुंपणापलीकडे काकूंची खिडकी बंद झाल्याचा आवाज आला. मग त्यांच्या शेजारची. मग पलीकडची. पांढरा पोशाख, डॉक्टर आणि बंद शेड यांची बेरीज करायला गल्लीला फार वेळ लागला नाही. पाव घेऊन आलेला माणूस पाव फाटकावर टांगून मागच्या मागे गेला.

आईने चेन ओढून लेकीला त्या टोपीतून बाहेर काढलं, आणि लेकीने घामाघूम होऊन सगळा उलगडा केला. डॉक्टरांना हायसं वाटलं. मामाला मात्र अपमान वाटला.

"एवढ्याशा पत्र्यासाठी मला इतक्या लांबून पळवलंत? हातोडा द्या. दहा मिनिटांत खाली पाडतो."

"मामा, तेच करायचं नाहीये."

"आमच्या काळात असले पत्रे आम्ही दातांनी तोडायचो."

"म्हणूनच तुमच्या काळातली माणसं खोकतात."

पण मामाने ओसरीवरच्या हत्यारांच्या पेटीतला हातोडा घेतला होता, आणि कुंपणाला टेकवलेली शिडी शेडला लावून तो वर चढलाही होता. लेक शिडीकडे धावली, तो अर्ध्या अंगरख्यात पाय अडकून गुलाबांत पडली. डॉक्टर तिला उचलायला वाकले. मामाने हात उगारला. आणि आईने नळ पूर्ण सोडून नळी आपल्या भावावर धरली.

"खाली उतर."

"ताई, अगं ताई, नाकात जातंय."

"जाऊ दे. ती खुर्ची आत आहे आणि मला त्या खुर्चीत बसायचंय. तू तिच्यावर विष पाडणार असशील, तर आधी मी तुला धुऊन काढते. उतर."

मामा उतरला. त्याच्या बुटांतून पाणी वाहत होतं. फाटकाशी एक सडपातळ गृहस्थ हातात पेटी घेऊन उभे होते. त्यांनी भिजलेला मामा बघितला, गुलाबांत बसलेली पांढरी बाई बघितली, नळीवाली बघितली आणि नम्रपणे विचारलं, "यातलं तपासायचं काय आहे?"

तपासणीवाल्यांनी पत्रा तपासला. मारा करून पाणी घातलं तर उलट तंतू सुटतात, असं त्यांनी आईला सौम्यपणे सांगितलं. फवारणी हलकी हवी, अत्तरासारखी, आणि ती त्यांची त्यांनी करायची, रोज सकाळी कुणी करायची नाही. आई जरा खट्टू झाली. त्यांनी एक छोटा तुकडा ओला करून काढला, दोन पिशव्यांत बंद केला आणि नेला.

ॲस्बेस्टॉसच निघालं. लेकीला आपलं बरोबर ठरल्याचा आनंद झाला आणि मग त्या आनंदाची लाज वाटली. परवाना असलेली माणसं आली. त्यांनी पत्रे न फोडता, एकेक करून अलगद उतरवले, जाड प्लास्टिकमध्ये बांधले आणि ठरलेल्या जागी पुरायला नेले. आतली धूळ खास यंत्राने ओढली, हत्यारं, डबे, खुर्ची, सगळं ओल्या फडक्याने पुसलं. त्यांच्या पोशाखाच्या चेनी अडकल्या नाहीत, हे लेकीने बघून ठेवलं. मग वर नवा, साधा पत्रा बसला, आणि तपासणीवाले म्हणाले, "आता खुशाल बसा."

आई आत गेली. खुर्चीवर बसली, पाय खोक्यावर टाकले. लेक दारातून बाजूला झाली आणि स्वयंपाकघरात आली. तिथे मामा काकडी चिरत होता.

"दोन मिनिटांत उठेल बघ," तो हळूच म्हणाला. "तिला कुठे बसायची सवय आहे."

"ऐकू येतंय मला," शेडमधून आवाज आला.

मामाची सुरी थांबली.

"आणखी काहीतरी बोल," आई आतून म्हणाली. "हळू."

मामा कुजबुजला, "काकडी कडू आहे."

"कडू असेल तर टाकून दे," आई म्हणाली. मग तिने मनातल्या मनात हिशेब लावला. "घसा बसेपर्यंत जेवायला हाका मारायचे मी ह्यांना. आणि हे म्हणायचे, शेडमध्ये काही म्हणून ऐकू येत नाही."

मामाने गेलेल्या भावोजींची बाजू सावरायचा प्रयत्न केला. "जुन्या पत्र्यामुळे असेल, ताई. ॲस्बेस्टॉसने आवाज अडतो."

"विचारा त्या तपासणीवाल्यांना," आई म्हणाली.

लेकीचे हात कणकेचे होते, म्हणून तिने फोन ओट्यावर ठेवून कोपराने लावला. तपासणीवाले हसले. छे हो, म्हणाले, पत्रा जाड होता पण भिंती फळ्यांच्या आहेत ना, दार उघडं असलं की सगळं ऐकू येतं. लेकीने आभार मानले आणि खिडकीतून बघितलं. आई मागे रेलून बसली होती. इतक्या महिन्यांत ती अशी सैल बसलेली कुणी बघितली नव्हती. पुस्तकात नसलेलं एकही वाक्य लेकीने या सगळ्या प्रकरणात उच्चारलं नव्हतं.

"आई," ती खिडकीतून म्हणाली, "अडतो म्हणाले. चांगलाच अडतो."

शेडमधली खुर्ची करकरली. "खोटं बोलायचं तर स्पीकर बंद करून बोलावं," आई म्हणाली, पण तिच्या आवाजात राग नव्हता, उलट कुणाला तरी पकडल्याचं समाधान होतं.

पोळ्या झाल्या. ताटं वाढली. लेकीने हाक मारली, "आई, जेवायला ये."

शेडमधून उत्तर आलं नाही. तिने पुन्हा मारली. मग मामाने मारली, छाती भरून, इतकी मोठी की पलीकडे काकूंनी खिडकी उघडली.

आईला काहीच ऐकू येत नव्हतं.